उत्तर कोरियांतील क्रीडोद्यानें

राजवाडे, किल्ले, तह आणि लढाया यांना इतिहासांत हक्काची जागा असते; आकाशपाळण्याला ती सहसा मिळत नाहीं. जत्रा संपली कीं पाळणा मोडून गाड्यावर घालतात आणि त्याबरोबर त्याची आठवणही निघून जाते. परंतु पृथ्वीच्या पाठीवर एक देश असा आहे कीं, तेथील पाळणे, घसरगुंड्या आणि रुळांवरून उलट्यासुलट्या धांवणाऱ्या गाड्या यांची हकीकत सांगावयाची म्हटल्यास राज्यकर्त्यांच्या तीन पिढ्यांची हकीकत सांगावी लागते. कोणतें उद्यान कोणत्या सालीं उघडलें, तें गंजलें केव्हां, त्यावर पुन्हां रंग चढविला कोणी, आणि त्या दिवशीं छायाचित्रांत कोण कोण उभे होते, एवढें नीट पाहिलें तरी त्या देशाच्या कारभाराचें बरेंचसें अंतरंग उघडें होतें. हा देश म्हणजे उत्तर कोरिया. वर्तमानपत्रांच्या वाचकांस तो परिचित आहे तो अण्वस्त्रांमुळें आणि अग्निबाणांमुळें. त्याच्या करमणुकीच्या उद्यानांकडे मात्र कुतूहलापलीकडच्या दृष्टीनें फारसें कोणी पाहिलेलें नाहीं.

२०१० ते २०१९ या दशकांत जे परदेशी प्रवासी राजधानी प्योंगयांग येथें गेले, त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या कार्यक्रमांत एक संध्याकाळ कैसन युवक उद्यानासाठीं राखून ठेवलेली असे. दिवसभर पुतळे, स्मारकें आणि संग्रहालयें दाखवून झालीं, कीं रात्रीच्या जेवणानंतर मोटारगाडी अर्धवट अंधारलेल्या रस्त्यांतून निघे. प्रवाशांबरोबर निदान दोन सरकारी वाटाडे असत. त्यांच्यावांचून हॉटेलाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा कोणासही नसे. विजेची टंचाई त्या देशांत इतकी कीं, रात्रीं आकाशांतून घेतलेल्या छायाचित्रांत दक्षिण कोरिया आणि चीन यांच्यामधला तो भाग समुद्रासारखा काळा दिसतो. आणि अशा शहरांत एकाएकीं लाल, हिरव्या, जांभळ्या दिव्यांनीं झगमगणारे मनोरे समोर येत. समोरच एक प्रचंड विजयकमान. ती साठ मीटर उंच आहे, म्हणजे पॅरिसच्या सुप्रसिद्ध कमानीहून उंच. आणि हें अंतर पाहुण्यांना सांगण्यास वाटाडे विसरत नसत.

आंत गेल्यावर नवलाचा भाग सुरू होई. प्रत्येक खेळासमोर स्थानिक लोकांची लांब रांग असे. कामावरून आलेले तरुण, गणवेशांतले शिपाई, मुलांना घेऊन आलेल्या बायका. परदेशी पाहुण्यांना मात्र रांगेच्या तोंडाशीं नेऊन उभें करीत. लोक मुकाट्यानें बाजूस सरत. पाहुण्यानें प्रत्येक खेळाचे पैसे युरो किंवा चिनी युआन अशा परकीय चलनांत द्यावे, पोटावर झोंपून उडाल्यासारखें नेणाऱ्या गाडीत बसावें, उंच मनोऱ्यावरून धाडकन् खालीं यावें, आणि आपल्या शेजारच्या आसनावर किंकाळ्या फोडणाऱ्या कोरियन मुलीशीं, भाषा येत नसतांनाही, क्षणभर हंसून घ्यावें. कित्येकांनीं नंतर लिहून ठेवलें आहे कीं, साऱ्या प्रवासांत मध्यस्थावांचून एखाद्या कोरियन माणसाशीं झालेली ती एकच भेट.

हा देश असा मिटलेला कां, याचें कारण केवळ साम्यवादांत शोधून भागत नाहीं. कोरियाच्या जुन्या राजांनीं परकीयांस दारें बंद ठेविलीं होतीं, आणि १८८२ सालीं विल्यम ग्रिफिस या अमेरिकन लेखकानें त्या देशावर ग्रंथ लिहिला तेव्हां त्याच्या नांवांतच एकांतवासी राष्ट्र असें त्याचें वर्णन केलें. त्याच्या सोळा वर्षें आधीं, १८६६ मध्यें, व्यापाराची सक्ति करूं पाहणारें ‘जनरल शेर्मन’ हें अमेरिकन जहाज तेदोंग नदींतून थेट प्योंगयांगपर्यंत चढलें. लोकांनीं तें जाळलें आणि वरील माणसें मारलीं. त्याच नदींतील एका बेटावर आज सर्वांत मोठ्या क्रीडोद्यानांपैकीं एक आहे. त्याचा उल्लेख पुढें येईलच.

दारें शेवटीं फोडलीं तीं जपाननें. १९०५ मध्यें कोरिया जपानच्या संरक्षणाखालीं गेला आणि १९१० मध्यें जपानी साम्राज्यांत विलीन झाला. या दोन सालांच्या मध्यें घडलेली एक गोष्ट आपल्या विषयाशीं निकट आहे. सोलमधील छांगग्योंग राजवाड्याच्या आवारांत प्राणिसंग्रहालय आणि वनस्पतिगृह बांधून १९०९ च्या नोव्हेंबरांत तें सर्व लोकांसाठीं खुलें करण्यांत आलें. सिंहासनावरून दूर केलेल्या बापाच्या जागीं बसविलेल्या राजाला विरंगुळा मिळावा, हें त्याचें सांगितलेलें निमित्त. पुढें राजवाड्याचें नांवही बदलून त्याला ‘बाग’ म्हणूं लागले, चेरीची झाडें लावलीं, आणि वसंतांत रात्रीं दिव्यांच्या उजेडांत फुलें पाहण्यास सोलची गर्दी लोटूं लागली. ज्या अंगणांत दरबारी मंडळी वांकून उभी राहत, तेथें पोरें माकडांना खाऊ टाकूं लागलीं. गर्दी खुषींतच येत असे. आणि तरीही राजवाड्याचा पशुघर करणें ही मानहानि होती, हेंही तितकेंच खरें. ती दूर होण्यास १९८३-८४ साल उजाडावें लागलें. तेव्हां प्राणी दुसरीकडे हलविले आणि राजवाड्यास त्याचें नांव परत मिळालें. मौजेची जागा कोणी दिली आणि कशासाठीं दिली, हा प्रश्न कोरियांत असा जुनाच आहे.

१९४५ मध्यें जपानी गेले, देश दुभंगला, आणि १९५० ते १९५३ या युद्धानें उत्तरेची राजधानी जवळजवळ सपाट झाली. बाँबवर्षावानंतर प्योंगयांगांत उभ्या इमारती बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या होत्या. (युद्धविरामानंतर मायदेशीं परतण्यास नाकबूल असलेल्या कैद्यांची राखण करण्यासाठीं जें भारतीय दल तेथें गेलें, त्याचे सेनापति मेजर जनरल शंकरराव थोरात हे महाराष्ट्रीय होते, हें येथें सहज आठवतें.) नवें शहर कोऱ्या कागदावर आंखलें गेलें. रुंद रस्ते, विस्तीर्ण चौक, आणि प्रत्येक दृष्टिरेषेच्या टोंकाला एखादें स्मारक, अशी त्याची रचना. अशा शहरांत बाग किंवा खेळाची जागाही आपसुक उगवत नाहीं. ती कोणी तरी बसवावी लागते.

पहिलें मोठें क्रीडोद्यान १९७७ सालीं तेसोंग डोंगराच्या पायथ्याशीं उघडलें. दक्षिणेंत सोलजवळ योंगिन येथें असेंच एक विशाल उद्यान त्याच्या आदल्याच वर्षीं, १९७६ मध्यें, सुरू झालें होतें. एकामुळेंच दुसरें झालें असें म्हणण्याचें धाडस करूं नये. परंतु त्या काळांत दोन्हीं कोरियांची चढाओढ शाळा, कारखाने, भुयारी रेल्वे अशा प्रत्येक गोष्टींत चालली होती हें विसरतां येत नाहीं. तेसोंग डोंगरावर प्राचीन कोगुर्यो राज्याच्या तटबंदीचे अवशेष आहेत, पायथ्याशीं १९५९ पासूनचें प्राणिसंग्रहालय आहे, आणि वर १९७५ मध्यें तयार केलेली क्रांतिवीरांची दफनभूमि आहे. तेथें जपान्यांशीं लढलेल्यांचे ब्राँझचे अर्धपुतळे ओळीनें मांडलेले आहेत.

दुसरें उद्यान मान्ग्योंगदे येथें, १९८२ मध्यें. हें गांव शहराच्या मध्यापासून दहाबारा किलोमीटरांवर. आणि राष्ट्राचे संस्थापक किम इल-सुंग यांचा जन्म १५ एप्रिल १९१२ रोजीं तेथें झाला. त्यांचें म्हणून दाखविलें जाणारें गवती छपराचें घर सर्व देशाचें तीर्थक्षेत्र आहे. शाळांच्या शाळा, पलटणीच्या पलटणी तेथें दर्शनास येतात. आधीं देवदर्शन आणि मग जत्रा, हा क्रम आपल्याकडील यात्रेकरूंना निराळा समजावून सांगण्याचें कारण नाहीं. १९८२ हें किम इल-सुंग यांच्या सत्तरीचें वर्ष होतें, आणि वर सांगितलेली विजयकमानही त्याच वर्षाची. तिच्याजवळचें कैसन उद्यान १९८४ मध्यें झालें. ‘कैसन’ म्हणजे विजयी होऊन परतणें. १९४५ च्या ऑक्टोबरांत किम इल-सुंग यांनीं परतून जनतेपुढें भाषण केलें तें याच जागेजवळ. म्हणजे सात वर्षांत तीन उद्यानें, आणि तिन्ही अशा जागीं कीं, खेळावयास निघालेलें मूल वाटेंत राष्ट्राच्या अधिकृत इतिहासाचा एक धडा ओलांडून जावें.

या उद्यानांचे खरे चांगले दिवस फार टिकले नाहींत. १९८९ च्या जुलैत प्योंगयांगनें जगांतील युवकांचा व विद्यार्थ्यांचा तेरावा महोत्सव भरविला. त्यासाठीं तेदोंग नदींतील रुंगना बेटावर दीड लाख प्रेक्षकांचें म्हणून सांगितलें जाणारें क्रीडांगण बांधलें, आणि १७७ देशांतून पाहुणे आले. वर्ष दोन वर्षांतच सोव्हिएट संघ कोसळला. स्वस्त तेल आणि सुटे भाग येईनासे झाले, वीज आटली, खतें आटलीं. १९९४ च्या जुलैत किम इल-सुंग वारले. १९९५ मध्यें पुरांनीं पिकें बुडविलीं. आणि त्यानंतरच्या दुष्काळांत किती माणसें मेलीं याचे अंदाज कांहीं लाखांपासून वीस लाखांच्याही वर जातात. सरकारनें या काळाला ‘खडतर कूच’ असें वीरश्रीचें नांव दिलें. या वर्षांत पाळण्यांचें काय झालें याची चौकशी कोणी करणें शक्यच नव्हतें. परंतु पुढें जे परदेशी तेथें गेले त्यांना दिसलें तें असें: रंगाचे पापुद्रे निघालेले, रूळ तांबेरलेले, बहुतेक खेळ बंद, आणि एखादा वाटाड्या येऊन सांगे तेव्हां तेवढ्यापुरतें सुरू होणारें चक्र. जुन्या सोव्हिएट पद्धतीच्या त्या गाडीत बसण्याचें धाडस हीच कित्येकांची प्रवासांतली बढाई झाली.

दुसरे किम, म्हणजे किम जोंग-इल, यांच्या कारकीर्दीच्या अखेरीस कैसन उद्यानाचें रूप पालटलें. २०१० मध्यें तें इटालियन बनावटीच्या नव्या यंत्रांसह पुन्हां उघडलें. युनोच्या सुरक्षा समितीनें २००६ च्या ऑक्टोबरांत, पहिल्या अणुस्फोटानंतर, या देशाला चैनीच्या वस्तु विकण्यास बंदी केली होती. पण चैनीची वस्तु कोणती हें ठरविण्याचें काम प्रत्येक राष्ट्रावर सोंपविलें होतें. उंची मद्य आणि घड्याळें चैनीचीं, हें कोणीही कबूल करील. मुलांना वर नेऊन खालीं आणणारें यंत्र चैनीचें कीं नाहीं, यावर वाद घालण्यास जागा आहे, आणि त्या जागेतूनच तें आंत आलें.

यापुढें पाहुण्यांच्या लेखांतून एक प्रश्न सारखा डोकावूं लागतो: ही गर्दी खरी होती कीं आणलेली? कित्येकांनीं ठामपणें लिहिलें कीं रांगेंतले लोक नटच होते. परदेशी आले कीं हंसावयाचें, अशी त्यांना आज्ञा असावी. हा संशय अगदींच निराधार म्हणतां येत नाहीं. ज्या देशांत पाहुण्याची प्रत्येक पायरी आधीं आंखलेली असते, तेथें पाहुण्यानें हंसण्याकडेही संशयानें पाहावें हें स्वाभाविक आहे. पण थोडा विचार केला असतां तो टिकत नाहीं. सत्तर ऐंशी फूट उंचीवरून आसन खालीं सुटतें तेव्हां माणसाच्या तोंडून निघणारी किंकाळी पढवून येत नाहीं. नातवाला घट्ट धरून बसलेल्या आजीच्या चेहऱ्यावरचा धसका, खालीं उतरल्यावर मित्रांनीं केलेली थट्टा, पुन्हां एकदां बसूं द्या म्हणून मुलाचा हट्ट, या गोष्टी प्रवाशांनीं इतक्या वेगवेगळ्या रात्रीं इतक्या वेगवेगळ्या माणसांत पाहिल्या आहेत कीं, हें सारें नाटक मानणें म्हणजे एका शहरांतील माणसांना माणुसकीच नाकारण्यासारखें आहे. त्यांचा आनंद खराच होता. पाहुण्यांना सुचला नाहीं तो प्रश्न निराळा: या रांगेंत उभें राहण्याचा परवाना कोणाकोणाला आहे?

प्योंगयांगांत राहणें हा त्या देशांत नागरिकाचा हक्क नसून दिलेली कृपा आहे. ‘सोंगबुन’ नांवाच्या व्यवस्थेनें प्रत्येक कुटुंबाची, त्याच्या आजापणजानें जपानी अंमलांत व युद्धांत काय केलें त्यावरून, विश्वासू, डळमळीत आणि वैरी अशा वर्गांत विभागणी केलेली आहे. आणि राजधानींतील वास्तव्य, उच्च शिक्षण, चांगली नोकरी हीं सर्व त्या वर्गावर अवलंबून असतात. न्यायमूर्ति मायकेल कर्बी यांच्या अध्यक्षतेखालील युनोच्या चौकशी मंडळानें २०१४ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध केलेल्या अहवालांत ही व्यवस्था आणि तिच्या तळाशीं असलेल्या बंदिशाळा यांचें सविस्तर वर्णन आहे. बाहेरच्या प्रांतांतून राजधानींत येण्यासही प्रवासाचा दाखला लागतो. म्हणजे कैसन उद्यानांत किंचाळणारी मुलगी नटी नव्हती. पण ती निवडलेली खास होती, आणि ती निवड तिच्या जन्माआधींच झालेली होती. युनोच्या बालनिधीच्या सहकार्यानें २०१७ मध्यें झालेल्या पाहणींत पांच वर्षांखालील मुलांपैकीं उपासमारीनें वाढ खुंटलेलीं मुलें प्योंगयांगांत शेंकडा १० आणि उत्तरेच्या र्‍यांगगांग प्रांतांत शेंकडा ३२ आढळलीं. या दोन आंकड्यांमधलें अंतर कोणत्याही पाहुण्याला रांगेंत उभें राहून दिसण्याजोगें नव्हतें.

किम जोंग-इल १७ डिसेंबर २०११ रोजीं वारले आणि तिशीही न गांठलेले किम जोंग-उन गादीवर आले. १५ एप्रिल २०१२ रोजीं, आजोबांच्या जन्मशताब्दीच्या संचलनासमोर, त्यांनीं पहिलें जाहीर भाषण केलें आणि जनतेला पुन्हां कधीं कंबरपट्टा आवळावा लागूं नये असा निर्धार बोलून दाखविला. त्यानंतर महिना पुरा होत नाहीं तोंच मान्ग्योंगदे उद्यानांत ती प्रसिद्ध घटना घडली.

सरकारी वृत्तसंस्थेनें मे महिन्यांत दिलेल्या वृत्तान्ताप्रमाणें नवे नेते उद्यान पाहण्यास गेले असतां त्यांना फरसबंदी फुटलेली दिसली आणि तिच्या भेगांतून तण उगवलेलें दिसलें. ते थांबले, वांकले, आणि एक एक काडी आपल्या हातानें उपटूं लागले. हें अधिकाऱ्यांच्या डोळ्यांना कसें दिसत नाहीं, असें त्यांनीं रागानें विचारलें. खेळांवरचा रंग उडालेला पाहून खडसावलें. येथील लोकांच्या ठायीं जनसेवेची वृत्तिच नाहीं असें म्हटलें. आणि दुरुस्तीची जबाबदारी सैन्याच्या राजकीय खात्याचे प्रमुख चो र्‍योंग-हे यांच्यावर टाकली. या देशांत नेत्याची नाराजी लोकांस कळूं देण्याची पूर्वीं पद्धतच नव्हती. नेता जाई तेथें सर्व उत्तमच असे. म्हणून ही बातमी जगभर छापून आली, आणि कित्येकांनीं तींत नव्या मोकळेपणाची चाहूल ओळखली.

चाहूल होती, पण निराळ्या गोष्टीची. फरसबंदी एका वर्षांत फुटत नाहीं. तें तण बापाच्या कारकीर्दींत उगवलें होतें. तें उगवलें कारण त्या वर्षांत सिमेंट, रंग, वीज आणि मजुरी यांचा ओघ दुसरीकडे वाहत होता. आणि तो ओघ कोणीकडे वाहवावा हें ठरविणारा माळी नव्हता. तरी दोष माळ्याच्या पदरीं पडला, आणि छायाचित्रांत राहिला तो तण उपटणारा हात. राज्य करण्याची ही युक्ति जुनी आहे. राजा वेष पालटून नगरांत फिरतो, कोतवालाला दंड करतो, आणि प्रजा म्हणते, राजा चांगला, चाकर वाईट. फरक इतकाच कीं येथें वेष पालटलेला नव्हता आणि बरोबर छायाचित्रकार होते.

त्याच वर्षीं २५ जुलै रोजीं रुंगना बेटावरील जनविहार उद्यान उघडलें. वर ज्या जहाजाचा उल्लेख आला तें जळालें त्याच नदींतलें हें बेट. डॉल्फिनांच्या खेळासाठीं येथें जें खारें पाणी लागतें, तें नांपो बंदराकडून कोसच्या कोस नळ टाकून आणलें आहे. उद्घाटनाला नेत्याबरोबर एक तरुण स्त्री होती. कांहीं आठवडे ती निरनिराळ्या समारंभांत दिसत होती आणि जग तर्क करीत होतें. त्या दिवशीं सरकारी वृत्तांत प्रथमच तिचा ‘पत्नी री सोल-जू’ असा उल्लेख झाला. राष्ट्राच्या नेत्याचें लग्न झालें आहे, ही गोष्ट त्या राष्ट्राला क्रीडोद्यानाच्या बातमींत कळली! परदेशी वकिलातींतील मंडळींनाही बोलावणें होतें. स्वतः नेते पट्टा बांधून एका फिरत्या यंत्रांत बसले, आणि त्याच यंत्रावर बसलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याचें छायाचित्र लंडनच्या पत्रांत झळकल्यावर तेथें बराच गवगवा झाला. राजदूतानें आपल्या यजमानाच्या पाळण्यांत बसावें कीं बसूं नये, या प्रश्नाचा राजनीतीच्या ग्रंथांत कोठें विचार केलेला नसावा.

मग जणूं पाटच फुटला. २०१३ च्या ऑक्टोबरांत मुन्सू जलोद्यान झालें. त्याच्या दिवाणखान्यांतच किम जोंग-इल यांचा पूर्णाकृति रंगीत पुतळा उभा आहे, आणि पोहण्याच्या कपड्यांकडे वळण्यापूर्वीं तेथें वांकून नमस्कार करावा अशी रीत. त्याच महिन्यांत घोडेस्वारीचें मैदान झालें, आणि वर्षाच्या अखेरीस पूर्व किनाऱ्यानजीक मासिकर्‍योंग खिंडींत बर्फावरून घसरण्याच्या खेळाचें केंद्र. त्यासाठीं लागणारे दोरपाळणे विकण्यास स्वित्झर्लंडच्या सरकारनें मनाई केली. हा मात्र त्यांच्या मतें उघड चैनीचा माल होता. तरी केंद्र उघडलें तेव्हां डोंगरावर दोरपाळणे चालूच होते. यांपैकीं बहुतेक कामें सैनिकांच्या हातून झालीं. दहा दहा वर्षें सक्तीच्या चाकरींत असलेल्या जवानांनीं दिवसरात्र खपून तीं उभारलीं, आणि ‘मासिकर्‍योंगचा वेग’ ही साऱ्या राष्ट्राला घालून दिलेली घोषणाच झाली. या वर्षाचें दुसरें अंगही ध्यानांत ठेवावें लागतें: फेब्रुवारींत तिसरा अणुस्फोट, आणि मार्चांत अण्वस्त्रें व अर्थव्यवस्था या दोहोंची वाढ बरोबरीनें करण्याचें धोरण जाहीर. कंबरपट्टा न आवळण्याचें वचन आणि बाँब या दोन गोष्टींचा मेळ घालणें कठीण होतें. भाताची ताटें भरण्यापेक्षां घसरगुंडी बांधणें सोपें, आणि ती छायाचित्रांत दिसतेही चांगली.

एवढें म्हटलें तरी लोकांच्या बाजूनेंही पाहिलें पाहिजे. प्योंगयांगच्या कारखान्यांतील मजूर स्त्रीला रविवारीं एक दुपार मिळते. ती मुन्सूच्या कृत्रिम लाटांत उभी राहते तेव्हां तिच्या मनांत घोषणा नसतात, आणि पुतळ्यापुढें घातलेला नमस्कार तिला प्रवेशमूल्याचाच भाग वाटत असेल. १९०९ नंतर सोलच्या राजवाड्यांत चेरीचीं फुलें पाहण्यास जाणाऱ्या गर्दीला आज कोणी देशद्रोही म्हणत नाहीं. त्याच न्यायानें हिलाही बोल लावतां येत नाहीं. 

परदेशी प्रवाशाची गोष्ट तितकी सरळ नाहीं. त्याच्या परकीय नाण्यांची सरकारला गरज असते, आणि त्याच्या उपस्थितीची त्याहून अधिक; कारण जग आपल्याकडे येतें हें लोकांना दाखविण्यास तो उपयोगीं पडतो. शिवाय तो गैरवर्तनाबद्दल ओलीसही होऊं शकतो. एका भित्तिपत्रकाच्या चोरीच्या आरोपावरून २०१६ मध्यें एका अमेरिकन विद्यार्थ्याला पंधरा वर्षांची सक्तमजुरी सांगण्यांत आली. २०१७ च्या जूनमध्यें तो बेशुद्ध स्थितींत घरीं पोंचला आणि सहाच दिवसांत वारला. त्या सप्टेंबरपासून अमेरिकेनें आपल्या नागरिकांना तेथें जाण्यास बंदी केली. उलट पक्षीं, जे गेले त्यांनीं लिहिलेल्या साध्या हकीकतींवांचून बाहेरच्या जगाला त्या शहरांतील एका सामान्य संध्याकाळचें चित्र मिळालेंच नसतें. दोन्हीं पारडीं तोलून पाहतां जाणाऱ्याला दोष देववत नाहीं. मात्र परत येऊन देश पाहिला असें त्यानें म्हणूं नये, कैसन उद्यान पाहिलें असें म्हणावें.

२०२० च्या जानेवारींत साथीच्या भीतीनें सरहद्द बंद झाली ती जवळजवळ पूर्णपणें. परदेशी वकिलातीही ओस पडल्या. २०२४ च्या फेब्रुवारींत प्रथम रशियन प्रवाशांची एक तुकडी मासिकर्‍योंगला गेली. २०२५ च्या फेब्रुवारींत ईशान्येच्या रासोन शहरांत कांहीं पाश्चात्यांना येऊं दिलें, आणि तीन आठवड्यांच्या आंत तें दारही लागलें.

इतक्यांत पूर्वेस वॉन्सानजवळ काल्मा येथें समुद्रकांठीं सर्वांत मोठें बांधकाम चाललें होतें. याच किनाऱ्यावर २०१७ च्या एप्रिलांत शेंकडों तोफा ओळीनें उभ्या करून समुद्रांत मारा करण्याची कवाईत झाली होती. त्याच वाळूवर आतां हॉटेलांच्या रांगा आणि जलोद्यान उभें राहिलें. सुमारे वीस हजार लोकांची सोय असल्याचें सरकारनें सांगितलें. २४ जून २०२५ रोजीं नेत्यांनीं पत्नी व कन्येसह उद्घाटन केलें. १ जुलैपासून देशांतील माणसें येऊं लागलीं, आणि रंगीत पोहण्याचे कपडे, हवेनें फुगविलेलीं चाकें, पाण्याच्या नळ्यांतून घसरणारीं मुलें यांचीं छायाचित्रें प्रसिद्ध झालीं. दुसऱ्या आठवड्यांत रशियाचे परराष्ट्रमंत्री लाव्ह्रोव्ह तेथें पाहुणे म्हणून राहून गेले आणि त्यांच्या मागोमाग थोडे रशियन प्रवासीही पोंचले. १८ जुलै रोजीं सरकारी पर्यटन खात्याची एक ओळीची सूचना निघाली: काल्मा येथें तूर्त परदेशी प्रवाशांस घेतलें जात नाहीं. कारण दिलेलें नव्हतें.